मिलिंदा, रूळ अजून तिथंच आहे

सर्व सभासदांस जड अंतःकरणाने व परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून कळविण्यात येते की, आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टांगलेला लोखंडी रूळ ठेवावा की काढावा, या विषयावर गेली कित्येक वर्षे चालू असलेला वाद एका पक्षाच्या आकस्मिक व कायमच्या गैरहजेरीमुळे बेमुदत तहकूब झाला आहे. दुसऱ्या पक्षाने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, हा स्वतःचा विजय समजू नये, अशी त्यास सक्त ताकीद देण्यात आली आहे. ताकीद त्याची त्यानेच दिली आहे.

झालं समाधान, मिलिंद? तुला माझ्या नोटिशींची भाषा कधी आवडली नाही. फळ्यासमोर चष्मा वर ढकलून उभा राहायचास आणि म्हणायचास, "अबे वसंत, पाणी येणार नाही एवढंच लिही ना. त्यात 'सखेद' काहून घालतो?" भंडाऱ्याहून शिकायला पुण्यात आलास, इथंच नोकरी केलीस, मोठा संशोधक झालास, परदेशात जाऊन भाषणं ठोकून आलास, पण तुझं 'काहून' काही सुटलं नाही. मी सेक्रेटरी असताना या सोसायटीत मराठी शुद्ध होती. तू एकटा अपवाद होतास, आणि तुझ्याशिवाय मला कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

गेल्या आठवड्यात एका सकाळी तू उठला नाहीस. शीलावहिनींनी चहा गाळला, हाक मारली, पुन्हा हाक मारली. हृदय झोपेतच थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आजारपण नाही, कळ नाही, कण्हणं नाही. शरीरातले भोंगे कसे वाजतात याचा अभ्यास करण्यात ज्यानं आयुष्य घातलं, त्याला त्याच्याच शरीरानं एका शब्दानं कळवलं नाही. मला याचा भयंकर राग आलेला आहे आणि तो काढायला कोणी नाही. एरवी तुझ्यावर काढला असता.

आता तुझ्या नातवंडांना कधीतरी हे वाचायला मिळेल, म्हणून रुळाची गोष्ट पहिल्यापासून सांगतो. तुला पाठ आहे. तरी ऐक. मध्ये बोलायची सोय तू स्वतःच घालवून बसला आहेस.

आपण हडपसरला राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या तिन्ही बाजूंना उसाची शेतं होती. काचेच्या इमारती यायच्या होत्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं यायची होती. चोर मात्र आधीच आले होते. नळाच्या तोट्या जायच्या, सायकली जायच्या, एकदा तर वाळत घातलेली गोधडी गेली. मग मी भंगारवाल्याकडून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणला, पार्किंगमध्ये साखळीनं टांगला, शेजारी हातोडी अडकवली आणि सर्वसाधारण सभेत नियम वाचून दाखवला. ज्याला संशयास्पद काही दिसेल त्यानं रूळ ठोकावा. ज्याला ऐकू येईल त्यानं हाताला लागेल ते घेऊन खाली यावं, आणि येताना वाटेतली सगळी दारं वाजवत यावं. हे शेवटचं माझं खास कलम होतं. मार्केट यार्डात पहाटेपासून लिलाव पुकारणारा माणूस मी, एका आवाजातून शंभर आवाज कसे उठवायचे ते मला कळतं.

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून तू हात वर केलास.

"आणि थांबवायचं कोणी?"

"काय थांबवायचं?"

"हेच. ठोकणं. धावणं."

पहिल्या मजल्यावरचे बर्वेकाका म्हणाले, "अहो डॉक्टर, चोर सापडला की थांबेल आपोआप."

"आणि चोर नसलाच तर?"

सभा खदखदून हसली. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं हे तुला माहीत आहे.

नंतरच्याच एका रविवारी सकाळी बर्वेकाका आपली पांढरी गाडी पुसायला खाली गेले. ती गाडी ते दर रविवारी पुसायचे आणि पुन्हा तिच्यावर कापड घालून ठेवायचे. ती रस्त्यावर आलेली आपल्यापैकी कोणी पाहिली नव्हती. त्या दिवशी कापड उचललं, तर चाकाशी सापाची कात. कोरडी, पारदर्शक, चांगली हातभर. काकांनी साप पाहिला नव्हता. पण रूळ ठोकला.

पुढचं काय वर्णावं! कोणी हॉकी स्टिक घेऊन आलं, कोणी लाटणं, कोणी कुकरचं झाकण. बर्वेकाका स्वतः वर जाऊन बॅडमिंटनची रॅकेट घेऊन आले. मी जिन्यात उभा राहून सगळा घसा लावला. साप बाहेर पळू नये म्हणून एकानं फाटकाला कुलूप घातलं, त्यामुळे सर्पमित्र आला तो बाहेरच राहिला. साप टाकीत शिरेल म्हणून दुसऱ्यानं पाण्याचा मुख्य कॉक बंद केला, त्यामुळे तीन मजले तोंडाला फेस घेऊन खिडक्यांत उभे. तिसऱ्यानं फिनेलची अख्खी बाटली ओतली आणि त्याच्यावरून चौथा घसरून मनगट मोडून बसला. बागेतली पाण्याची नळी आपल्या शूर सभासदांनी खांडोळी करून ठार मारली. शेवटी काकांच्या गाडीची काच गेली, तेव्हा कुठे सगळे दम खायला थांबले. साप केव्हाच उसात गेलेला होता.

तू जिन्याच्या वरच्या पायरीवर कपबशी घेऊन उभा होतास. जत्रेत पहिल्यांदा आलेल्या मुलासारखा तुझा चेहरा. खाली उतरलास, ती कात उचललीस आणि म्हणालास, "वसंत, हेच! मी इतकी वर्षं तुला हेच सांगून राहिलो ना बे!"

खरं तर तू मला त्याआधी पुष्कळदा सांगितलं होतंस आणि मी पुष्कळदा जांभई दिली होती. त्या दिवशी मात्र फुटक्या काचांत उभा राहून मी तुझं काम पहिल्यांदा समजून घेतलं. आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. त्या जंतूला त्याचं नाव-गाव विचारत बसत नाहीत. जंतूंच्या अंगावरच्या आवरणाची घडण त्यांना जन्मतः ओळखू येते. म्हणून जंतू जिवंत असायचीही गरज नसते. मेलेल्या जंतूच्या आवरणाचा तुकडा रक्तात दिसला, की रूळ वाजतो. ज्या पेशीनं ऐकलं ती अशी रसायनं सोडते, की शेजारीणही ठोकायला लागते. बोटाला काटा लागला, तर हीच धावपळ आपल्याला वाचवते. बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं, आणि चार दिवसांत बरं होतं. पण तीच हाकाटी सगळ्या अंगात एकदम उठली, की रक्तवाहिन्या जागोजागी पाझरायला लागतात, रक्तदाब कोसळतो, बारीक वाटांमध्ये गुठळ्या होऊन फाटकं बंद होतात. मूत्रपिंडाला रक्त पोचत नाही, फुप्फुसात पाणी भरतं. "याला सेप्सिस म्हणतात," तू म्हणालास. "जंतू सुरुवात करतो. पुढचं पुष्कळसं आपलीच माणसं करतात."

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "रूळच काढून टाक."

तू कातीची घडी घालून खिशात ठेवलीस. "अशा जातीचे उंदीर आहेत, वसंत, ज्यांना ही घंटा ऐकूच येत नाही. जन्मापासून. त्यांना कात दाखवली, तर मजेत बसून राहतात. आणि खरा साप सोडला, की सगळ्यात आधी तेच मरतात."

"म्हणजे रूळ हवा."

"थांबवणारा असेल तर हवा. नाहीतर काढा."

झाला वाद सुरू! तू दर वार्षिक सभेत ठराव मांडायचास, की रूळ वाजल्यावर 'बस' म्हणायचा अधिकार कोणाला तरी द्या, नाहीतर रूळ उतरवा. मी दर वर्षी तो हाणून पाडायचो. रूळ वाजवण्यात शौर्य आहे, थांबवण्यात काय आहे? त्यात त्या रविवारनंतर आणखी एक विनोद घडला. भरदिवसा पाण्याच्या पंपाची मोटर चोरताना एकाला वॉचमननं पाहिलं, रूळ ठोक ठोक ठोकला, आणि एक माणूस खाली उतरला नाही. सगळे दमलेले आणि ओशाळलेले. मोटर गेली. मी कपाळाला हात लावून बसलो होतो आणि तू टाळी मागत होतास, "हे पण होते! आधी नको तितकी धावते, मग फौज थकून झोपते, आणि दुसराच जंतू मारून जाते!" आपल्या सोसायटीचं नुकसान पाहून इतका आनंद झालेला दुसरा सभासद मी पाहिला नाही.

प्रयोगशाळेत मात्र तुझे हाल होते. तू ज्या औषधामागे होतास त्यानं उंदीर वाचायचे. मी म्हणायचो, "पुण्यातले समस्त उंदीर तुझे ऋणी आहेत, त्यांच्यातर्फे शाल-श्रीफळ देऊ का?" तू हसायचास, पण ते चष्म्याच्या आत पोचायचं नाही. जगभर मोठमोठ्या लोकांनी हा भोंगा बंद करायची औषधं माणसांवर वापरून पाहिली आणि हात चोळत बसले. एका वर्षी, जंतूचं आवरण दिसताच पेशीत वाजणारी ती घंटा नेमकी कुठली ते परदेशात कोणीतरी शोधून काढलं, तेव्हा तू पेढे घेऊन आलास. स्वतःच्या घरी मूल झाल्यासारखे. माझी आई म्हणाली, "दुसऱ्याच्या पोराचं पेढे ह्यो का वाटतोय?" पण औषधं नंतरही हरतच राहिली. गच्चीवर एकदा म्हणालास, "माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा ठोकून झालेलं असतं, वसंत. मी दाराशी पोचतो तेव्हा गर्दी जिन्यात असते."

आणि मग आईचा दिवस. त्याबद्दल आपण दोघं कधी नीट बोललो नाही. आज बोलू.

आईला लघवीचा त्रास होता, दोन-तीन दिवस ताप होता. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. मी मार्केट यार्डातून दुपारी घरी आलो, कपाळाला हात लावला, तर गार. मी खूश. घरात आम्ही दोघंच होतो, तरी मोठ्यानं जाहीर केलं, "ताप उतरलेला आहे हो!" त्या आनंदात मी दार उघडं ठेवून जेवायला बसलो आणि तू विरजणाला दही मागायला आलास.

वाटी हातात घेऊन तू आईच्या खोलीत डोकावलास. आई छताकडे बघत बोलत होती, "दादा, बैल सोडलं का? बैल सोडलं का?" तिचे दादा, म्हणजे माझे मामा, जाऊन कैक वर्षं झाली होती. मी म्हणालो, "ग्लानी आहे रे, ताप उतरल्यावर येतेच." तू वाटी खाली ठेवलीस. तिचा श्वास पाहिलास. पडल्या पडल्या ती जिना चढून आल्यासारखी धापत होती. पाय चाचपलेस, तेही गार. लुगडं जरा वर करून गुडघे पाहिलेस, त्यांच्यावर जांभळट नक्षी उठली होती.

"सकाळपासून लघवीला गेल्या का?"

"नसेल गेली. पाणी कुठं पितेय ती."

"गाडी आण."

"अरे, ताप उतरलाय. संध्याकाळी दवाखाना उघडला की..."

"हा ताप बरा होऊन उतरला नाही!"

तोपर्यंत मी तुझा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. माझा टेम्पो मार्केट यार्डात, दाराशी फक्त स्कूटर, फोनवर रुग्णवाहिका मिळेना. मी नंबर फिरवत असताना तू चपला न घालता जिन्यावरून धावत गेलास आणि क्षणात सगळी इमारत हादरली. ठण्! ठण्! ठण्! जो रूळ उतरवण्यासाठी तू इतकी वर्षं भांडलास, तो दोन्ही हातांनी ठोकत होतास. आणि ओरडत होतास. मिलिंद, काय ओरडत होतास तू! मी लिलावात घसा फोडणारा माणूस, पण तुझ्यापुढे कुजबुजणारा ठरलो असतो.

दुपारची वेळ, घरात असतील ते सगळे आले. नियमाप्रमाणे हत्यारं घेऊन. काठी, मुसळ, क्रिकेटचे स्टंप. बर्वेकाका रॅकेटसह.

"काठ्या काहून आणल्या बे!" तू गरजलास. "गाडी पाहिजे! बर्वे, गाडी काढा! बाई मरून राहिली वरती!"

बर्वेकाकांना आयुष्यात कोणी नुसतं 'बर्वे' म्हटलं नसेल. त्यांनी रॅकेट टाकली आणि कापड ओढलं. गाडी चालू झाली, हाच मला चमत्कार वाटतो. चौघांनी आईला खुर्चीत बसवून खाली आणलं. उरलेले अजून दारं वाजवत होते, एक जण फाटकाला कुलूप घालायला निघाला होता. तेव्हा गाडीच्या दारात उभा राहून तू हात वर केलास आणि म्हणालास, "बस. झालं. आता सगळे घरी जा. फाटक उघडं ठेवा." आणि ते गेले. मी गाडीच्या खिडकीतून पाहत होतो. एका शब्दावर सगळे शांतपणे गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी भराभर सलाइन लावलं, रक्त घेतलं, प्रतिजैविक सुरू केलं. तू त्यांना श्वास, पाय, गुडघे, बडबड, सगळं घडाघडा सांगितलंस. त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"उंदरांचा," तू म्हणालास.

मग आपण बाकावर बसलो. मी विचारलं, "तुझं ते औषध?" तू मान हलवलीस. "इथं ते कामाचं नाही. हे जे देऊन राहिले तेच खरं, आणि लवकर देऊन राहिले हे अधिक खरं. औषध जंतूला मारेल. आतली ठोकाठोक कधी थांबते, ते फक्त पाहायचं." तू अनवाणी होतास. तुझ्या हातात दह्याची वाटी होती. ती कधी उचललीस, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आजींना लघवी झाली." आणि तू, इतका संकोची माणूस, माझ्या गळ्यात पडलास. मी ती बातमी तिथल्या तिथे खणखणीत आवाजात जाहीर केली आणि सगळ्या अनोळखी नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या. लघवीला टाळ्या मिळवणारा सूत्रसंचालक मी एकटाच असेन.

आई घरी आल्यावर मी तुला गाठलं. "हरलास! रूळ तू ठोकलास!"

"ठोकला. पण थांबवला पण मीच ना?"

"म्हणजे रूळ हवा."

"म्हणजे थांबवणारा हवा."

वाद होता तिथंच राहिला. मी आभार मानायला एकदा तोंड उघडलं होतं, तर म्हणालास, "फळ्यावर लिही. सखेद." मी लिहिलं नाही. पुढे फळाही गेला, नोटिशी ईमेलवर यायला लागल्या. मला वाटायचं, कधीतरी एखाद्या वार्षिक सभेत सगळ्यांसमोर तुझ्या ठरावाला मीच अनुमोदन देईन आणि तुझं तोंड पाहीन. त्या प्रसंगाची वाक्यंसुद्धा तयार होती. चांगली होती रे. हशा नक्की होता.

काल तुझ्या नावानं पुण्यानुमोदनाची सभा झाली. वहिनींनी ती पार्किंगमध्येच ठेवली. बर्वेकाकांनी गाडी बाहेर रस्त्यावर लावली, आपल्या मनानं. विश्रांतवाडीहून भन्तेजी आले होते, त्यांच्यामागून सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या होत्या, आणि फोटोच्या बरोबर मागे, पांढऱ्या कापडाच्या कडेनं, तो रूळ दिसत होता. आपला नवा सेक्रेटरी सॉफ्टवेअरवाला आहे, भला मुलगा. त्यानं मला हळूच विचारलं, "काका, हे काय आहे? इंटरकॉम आल्यावर काढून टाकू ना?" मी म्हटलं, "पुढच्या सभेत ठराव मांड. मी उपसूचना देणार आहे."

मग भाषणं. तुझे विद्यार्थी बोलले, सहकारी बोलले. सगळ्यांचं एकच. शांत माणूस. मितभाषी. सेक्रेटरी म्हणाला, "सर एकदम कूल होते. इतक्या वर्षांत सरांनी कधी आवाज चढवलेला कोणीच ऐकला नाही." माना हलल्या. वहिनी खाली बघत होत्या. आणि माइक माझ्याकडे आला, कारण तो माझ्याकडेच येतो.

मी उभा राहिलो. मिलिंद, मला बोलता आलं नाही. नमस्कारसुद्धा नाही. उभा राहून मी त्या रुळाकडे बघत होतो. लोक थांबले. कोणी खोकलं. वहिनींनी वर पाहिलं.

आई पहिल्या रांगेत बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे शेजारणीनं सेक्रेटरीचं बोलणं तिच्या कानाशी लागून तिला सांगितलं होतं. ते आत पोचायला वेळ लागला असावा. त्या शांततेत ती काठी टेकत अर्धी उठली, आणि भन्तेजींसकट सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कोन म्हनतं वरडला न्हाई? माझ्यापायी केवढ्यांदा वरडला व्हता त्यो!"